कोठडीतला ईस्टर

सणाचा दिवस पंचांगाने ठरतो, मनाची अवस्था पाहून नव्हे. ज्या घरात नुकताच मृत्यू होऊन गेला आहे, ज्या घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला आहे किंवा तुरुंगात खितपत पडला आहे, त्या घराच्या दारीही सण ठरलेल्या दिवशीच येऊन उभा राहतो. आपल्याकडे दुखवट्याच्या घरात वर्षभर सण न करण्याची रूढी आहे. तिच्यामागे एक शहाणपण आहे. शोकाला त्याचा अवधी द्यावा, ओढूनताणून हसरा चेहरा कोणाकडे मागू नये, हे ते शहाणपण होय.

ईस्टरच्या बाबतीत मात्र हा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण मृत्यूचा पराभव झाला, हीच त्या सणाची घोषणा आहे. ज्याच्या डोळ्यांपुढे मृत्यूच विजयी होताना दिसत आहे, त्याने ती कोणत्या तोंडाने उच्चारावी? वस्तुतः पहिल्या ईस्टरच्या दिवशीही कोणी उत्सव केला नव्हता. प्रेताला लावण्यासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या काही स्त्रिया आणि भीतीने दारे लावून बसलेले शिष्य, एवढीच त्या दिवसाची मंडळी होती. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर ही कथा, भयाने थरथरत, कोणाशी एक शब्दही न बोलता पळालेल्या स्त्रियांपाशीच थांबते. जल्लोष, घंटानाद आणि रंगीत अंडी हा सारा सरंजाम फार नंतरचा.

या प्रश्नाला एका माणसाने आपल्या आयुष्याने उत्तर दिले. डीट्रिख बोनहोफर हे त्याचे नाव. हिटलरच्या राजवटीत त्यांच्या वाट्याला तीन ईस्टर बंदिवासात आले आणि तिसऱ्यानंतर आठव्या दिवशी त्यांना फाशी देण्यात आले. त्या काळात त्यांनी लिहिलेली पत्रे आज जगभर वाचली जातात. ती एखाद्या आनंदी माणसाची पत्रे नाहीत, आणि म्हणूनच ती विश्वासार्ह वाटतात.

सुखवस्तू घरातला धर्मशास्त्री

बोनहोफर यांचा जन्म ब्रेस्लाऊ येथे ४ फेब्रुवारी १९०६ रोजी झाला. वडील कार्ल हे मनोविकारशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. पुढे ते बर्लिनला गेले आणि कुटुंब तेथेच स्थिरावले. आठ भावंडांत डीट्रिख आणि झाबीने ही जुळी. घर सुशिक्षित आणि संगीतप्रेमी होते, परंतु चर्चमध्ये फारसे जाणारे नव्हते. पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या एप्रिलमध्ये, वाल्टर हा मोठा भाऊ कामी आला आणि आई दीर्घकाळ शोकात बुडाली. तेव्हा बारा वर्षांच्या असलेल्या डीट्रिखच्या मनावर या मृत्यूचा खोल ठसा उमटला. विज्ञान आणि कायदा यांची परंपरा असलेल्या घरात या मुलाने धर्मशास्त्र शिकण्याचा निश्चय जाहीर केला, तेव्हा थोरल्या भावांनी त्याची थट्टा केली. एकविसाव्या वर्षी त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

१९३० साली ते न्यूयॉर्कला एक वर्षाच्या अभ्यासासाठी गेले. तेथील वर्गांतल्या व्याख्यानांपेक्षा हार्लेममधील काळ्या लोकांच्या चर्चने त्यांना अधिक शिकविले. तेथे ते रविवारच्या शाळेत मुलांना शिकवीत. अपमान आणि दारिद्र्य सोसणारी माणसे देवाची स्तुती गातात आणि त्या गाण्यात दुःख झाकले जात नाही, हे त्यांनी तेथे पाहिले. जर्मनीला परतताना त्या गीतांच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी बरोबर नेल्या.

ते परतले तो काळ जर्मनीच्या दृष्टीने मोठा खडतर होता. १९३३ च्या आरंभी त्या देशात नोंदलेल्या बेकारांची संख्या सुमारे साठ लाख होती. भुकेल्या आणि अपमानित समाजाला आशा हवी असते, आणि हिटलरने ती विकली. हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. नाझी पक्ष निराशेवर पोसला गेला हे खरे, परंतु तो सत्तेवर आला तो उमेदीची भाषा बोलत. राष्ट्राचे पुनरुत्थान हा शब्दप्रयोग त्याच्या प्रचारात सतत येई. धर्माचा हा शब्द राजकारणाने पळविला होता, आणि पुष्कळ पाळकांना त्याचा आनंदच वाटत होता.

बोनहोफर यांना तो वाटला नाही. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी नेत्याच्या कल्पनेवरील त्यांचे नभोवाणी भाषण पूर्ण होण्याआधीच खंडित झाले. जो नेता स्वतःला दैवत करून घेतो तो लोकांना भुलविणारा ठरतो, असा त्या भाषणाचा आशय होता. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा त्यांची वृद्ध आजी नाझी स्वयंसेवकांचे कडे ओलांडून बर्लिनच्या एका मोठ्या दुकानात गेली आणि खरेदी करून आली. त्याच महिन्यात नातवाने एक निबंध लिहिला. राज्यसंस्थेला जाब विचारणे हे चर्चचे पहिले कर्तव्य, तिच्या चाकाखाली चिरडल्या जाणाऱ्यांना मग ते कोणत्याही धर्माचे असोत, साहाय्य करणे हे दुसरे, आणि वेळ पडल्यास ते चाकच अडविणे हे तिसरे, असे त्यात प्रतिपादन होते.

तथापि त्यांना जन्मजात वीर ठरविण्याचे कारण नाही. त्याच एप्रिलमध्ये झाबीनेच्या ज्यू सासऱ्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी प्रवचन करण्याची विनंती बोनहोफर यांना करण्यात आली. त्यांनी आपल्या वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि नकार दिला. काही महिन्यांनी त्यांनी बहीण आणि मेहुणा यांच्याकडे या भ्याडपणाबद्दल लेखी क्षमा मागितली. पुढे त्यांनी जे धैर्य दाखविले त्याच्या मुळाशी या लज्जेचाही वाटा असावा.

वर्ध्याची वाट आणि परतीची बोट

ऑक्टोबर १९३३ पासून दीड वर्ष बोनहोफर लंडनमधील जर्मन मंडळ्यांचे पाळक होते. या काळात त्यांना हिंदुस्थानची ओढ लागली. हिंसेशिवाय अन्यायाचा प्रतिकार कसा करावा, हे महात्मा गांधींच्या सहवासात राहून शिकावे, असे त्यांच्या मनात होते. ऑक्टोबर १९३४ मध्ये त्यांनी गांधीजींना पत्र लिहिले. बिशप जॉर्ज बेल यांनीही शिफारस केली, आणि पुढच्याच महिन्यात गांधीजींचे निमंत्रण आले. गांधीजींचे वास्तव्य त्या काळी वर्ध्याला असे. बोनहोफर आले असते, तर ते महाराष्ट्राच्या मातीत काही महिने राहून गेले असते. परंतु हिटलरला शरण न जाणाऱ्या चर्चने तरुण पाळकांसाठी एक गुप्तप्राय विद्यालय चालविण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आणि तो बेत मागे पडला. फिंकेनवाल्डे येथील हे विद्यालय १९३७ मध्ये गेस्टापोने बंद पाडले.

जून १९३९ मध्ये अमेरिकेतील मित्रांनी त्यांना न्यूयॉर्कला बोलावून घेतले. युद्ध दाराशी आले होते. तेथे सुरक्षित जीवन, अध्यापन आणि लेखन त्यांची वाट पाहत होते. परंतु महिना पुरता होण्याच्या आतच ते परतीच्या बोटीत बसले. या काळातील संकटे आपल्या लोकांबरोबर सोसली नाहीत तर युद्धानंतर राष्ट्राच्या उभारणीत भाग घेण्याचा अधिकार आपणास उरणार नाही, हे त्यांचे कारण होते. हिशेबी माणसाच्या तराजूत हा निर्णय बसत नाही. एका बाजूला जीविताची हमी आणि दुसऱ्या बाजूला पराभवाची जवळजवळ खात्री. परंतु आशा म्हणजे भविष्याचा अंदाज नव्हे, हे या निर्णयातून दिसते. अंदाज परिस्थिती पाहून बांधला जातो. आशा परिस्थितीत उतरून काही करायला लावते.

परतल्यावर ते मेहुणे हान्स फॉन डोनान्यी यांच्यामार्फत लष्करी गुप्तवार्ता खात्यात दाखल झाले. अॅडमिरल कानारिस यांच्या या खात्यात हिटलरविरोधी कटाचे एक केंद्र होते. १९४२ मध्ये चौदा ज्यूंना हेर असल्याच्या बहाण्याने स्वित्झर्लंडला पोहोचविण्यात आले, त्या कामात बोनहोफर यांचाही हात होता. त्याच वर्षी स्वीडनमध्ये बिशप बेल यांची भेट घेऊन त्यांनी कटाची माहिती ब्रिटिश सरकारपर्यंत पोहोचविली. लंडनने तिला प्रतिसाद दिला नाही. अहिंसेच्या ओढीने वर्ध्याला येऊ पाहणारा हा पाळक आता जुलमी सत्ताधीशाच्या हत्येच्या कटात होता. हे कृत्य निष्पाप आहे, असा दावा त्यांनी केला नाही. हातावर दोष घ्यावा लागला तरी घ्यावा, परंतु शुचितेच्या नावाखाली इतरांना मरू देऊ नये, अशी त्यांची भूमिका होती.

तीन ईस्टर

१७ जानेवारी १९४३ रोजी मारिया फॉन वेडेमायर या अठरा वर्षांच्या तरुणीशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला. मारियाचे वडील आणि भाऊ आदल्याच वर्षी रशियन आघाडीवर मारले गेले होते. पुढे जेमतेम अकरा आठवड्यांनी, ५ एप्रिलला, बोनहोफर यांना अटक झाली. टेगेल येथील लष्करी तुरुंगातील पहिले दिवस भयंकर होते. पांघरुणांना इतकी दुर्गंधी होती की थंडीतही ती अंगावर घेता येईनात. सकाळी पावाचा तुकडा कोठडीत फेकला जाई. पहारेकऱ्यांना त्यांच्याशी बोलण्याची मनाई होती. त्या वसंतात एका कागदावर त्यांनी काही तुटक शब्द टिपून ठेवले आहेत. त्यांत आत्महत्येचा विचार आहे. तोही अपराधाच्या भावनेतून आलेला नाही, तर आपण आतून मेलेलेच आहोत या जाणिवेतून आलेला. घरच्या पत्रांत शांत आणि संयत दिसणारा हा धर्मशास्त्री एकांतात या तळापर्यंत गेला होता.

अटकेनंतर विसाव्या दिवशी, २५ एप्रिलला, ईस्टर आला. त्या दिवशी आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उसना उत्साह दाखविला नाही. उत्तम शुक्रवार आणि ईस्टर यांची मुक्तता त्यांना एका वेगळ्याच गोष्टीत जाणवली. या दिवसांत माणसाचे विचार स्वतःच्या नशिबापलीकडे जातात आणि साऱ्या जीवनाच्या, दुःखाच्या आणि घडामोडींच्या अर्थापाशी पोहोचतात, असे त्यांनी लिहिले. सणाने त्यांना आनंदी केले नाही. त्याने त्यांना स्वतःच्या दुःखाच्या चार भिंतींतून थोडे बाहेर काढले. ज्याला सण साजरा करावासा वाटत नाही, त्याच्यासाठी एवढे पुष्कळ आहे.

दुसरा ईस्टर ९ एप्रिल १९४४ चा. दरम्यान बर्लिनवर बॉम्बहल्ले वाढले होते. रात्री कोठड्यांत अडकलेले कैदी किंकाळ्या फोडीत. बोनहोफर जखमींची शुश्रूषा करीत, घाबरलेल्यांना धीर देत, सहबंदींसाठी प्रार्थना लिहून देत. या ईस्टरच्या सुमारास एबरहार्ड बेथगे या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक महत्त्वाचा भेद मांडला. मरणाच्या प्रक्रियेवर विजय मिळविणे मनुष्याला शक्य आहे, सॉक्रेटिसाने तो मिळविला. परंतु मृत्यूवरच विजय ही गोष्ट निराळी आहे आणि पुनरुत्थानाचा संबंध तिच्याशी आहे. शांतपणे मरण्याची कला म्हणजे ईस्टर नव्हे. पुढे जूनमध्ये त्यांनी हा विचार आणखी नेला. पुनरुत्थानाची आशा माणसाला या जगातून सोडवून परलोकात नेत नाही, ती त्याला अगदी नव्या रीतीने याच पृथ्वीवरच्या जीवनाकडे परत पाठविते, असा त्यांचा निष्कर्ष होता. धर्माला अफूची गोळी म्हणणाऱ्यांना या तुरुंगातल्या पत्राइतके चोख उत्तर क्वचितच मिळाले असेल.

२० जुलै १९४४ चा कट फसला. काही आठवड्यांनी कटाची कागदपत्रे सापडली. तुरुंगातील एका पहारेकऱ्याच्या मदतीने पळून जाण्याची तयारी झाली होती. परंतु भाऊ क्लाऊस याला अटक झाली, तेव्हा घरच्यांवर अधिक संकट नको म्हणून बोनहोफर यांनी तो बेत सोडला. ऑक्टोबरमध्ये त्यांना गेस्टापोच्या तळघरात आणि ७ फेब्रुवारी १९४५ रोजी बुखेनवाल्डच्या छळछावणीत हलविण्यात आले. त्याच महिन्यात मारिया त्यांच्यासाठी उबदार कपड्यांची बॅग घेऊन फ्लोसेनबुर्गच्या छावणीपर्यंत पायपीट करीत गेली. ते तेथे नव्हते. ती परत फिरली.

तिसरा ईस्टर १ एप्रिल १९४५ चा. त्या रविवारी बुखेनवाल्डच्या कैद्यांना अमेरिकन तोफांचा गडगडाट ऐकू आला. सुटका मैलांच्या अंतरावर होती. दहा दिवसांनी, ११ एप्रिलला, ती छावणी मुक्त झालीही. परंतु ३ एप्रिललाच बोनहोफर आणि अन्य काही कैद्यांना एका वाहनात कोंबून दक्षिणेकडे नेण्यात आले होते. ५ एप्रिलला हिटलरने कटातील उरलेल्यांना संपविण्याचा निर्णय घेतला.

८ एप्रिल हा ईस्टरनंतरचा पहिला रविवार. बव्हेरियातील श्योनबेर्ग या गावी एका शाळेत कैद्यांना ठेवले होते. उपासना चालविण्याची विनंती झाली, तेव्हा बोनहोफर प्रथम कचरले. बहुसंख्य कैदी कॅथलिक होते आणि कोकोरिन हा रशियन अधिकारी तर निरीश्वरवादी. त्याच्यावर काही लादले जाऊ नये, ही त्यांची अडचण होती. कोकोरिननेच संमती दिल्यावर उपासना झाली. त्या दिवसासाठी नेमलेले उतारे दोन होते. पहिला यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला, ज्यात दुसऱ्याच्या जखमांनी आपण बरे झालो असे म्हटले आहे. दुसरा पेत्राच्या पहिल्या पत्रातला, ज्याचा विषय पुनरुत्थानातून जन्मणारी जिवंत आशा हा आहे. अगोदर जखम आणि मग आशा, असा तो क्रम. उपासना संपते न संपते तोच दोन माणसे दारात आली आणि त्यांनी बोनहोफर यांना चलण्यास सांगितले. त्याचा अर्थ सर्वांना कळला. पेन बेस्ट या इंग्रज सहबंद्याजवळ त्यांनी बिशप बेल यांच्यासाठी निरोप दिला. हा शेवट असला तरी आपल्यासाठी जीवनाचा आरंभ आहे, असा त्याचा आशय होता.

त्याच रात्री फ्लोसेनबुर्ग येथे खटल्याचा फार्स उरकण्यात आला आणि ९ एप्रिलच्या पहाटे कानारिस आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांना फाशी देण्यात आले. वय एकोणचाळीस. छावणीच्या डॉक्टरने पुढे अनेक वर्षांनी त्यांच्या अखेरच्या प्रार्थनेचे आणि शांत मृत्यूचे जे वर्णन केले, त्याच्या सत्यतेविषयी नंतरच्या अभ्यासकांनी रास्त शंका घेतल्या आहेत. ते वर्णन बाजूला ठेवले, तरी या आयुष्याच्या अर्थात उणे काही होत नाही. देह जाळण्यात आला. त्यांची कबर कोठेही नाही. बरोबर दोन आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकन सैन्य त्या छावणीत पोहोचले.

उशिरा आलेला न्याय

पुढचा हिशेबही सुखाचा नाही. क्लाऊस आणि दुसरे मेहुणे र्‍यूडिगर श्लायखर यांना बर्लिन पडण्याच्या थोडे आधी गोळ्या घालण्यात आल्या. डोनान्यी यांनाही मृत्युदंड झाला होता. वृद्ध कार्ल आणि पाउला बोनहोफर यांनी दोन महायुद्धांत तीन मुलगे आणि दोन जावई गमावले. डीट्रिखच्या स्मरणार्थ २७ जुलै १९४५ रोजी लंडनमध्ये झालेली उपासना बीबीसीने ध्वनिक्षेपित केली. ती आईवडिलांनी बर्लिनमध्ये ऐकली. इतकेच नव्हे, तर १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने फ्लोसेनबुर्गच्या खटल्यातील न्यायाधीशाला त्या मृत्युदंडांच्या दोषातून मुक्त केले. नाझी न्यायालयांचे असे अन्यायी निवाडे कायद्याने रद्द व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीच्या दर्शनी भागात विसाव्या शतकातील दहा हुतात्म्यांचे पुतळे बसविण्यात आले, त्यांत बोनहोफर यांचा आहे.

मग ती आशा खोटी ठरली काय? यशापयशाच्या मोजपट्टीने पाहिले, तर कट फसला, विवाह झाला नाही, सुटका थोडक्यात हुकली आणि न्यायाला अर्धशतक लागले. परंतु अटकेपूर्वी, १९४३ च्या आरंभी, मित्रांसाठी लिहिलेल्या एका टिपणात बोनहोफर यांनी या प्रश्नाची दिशा आधीच दाखविली होती. आशावाद हे वर्तमानाविषयीचे मत नसून ती एक जीवनशक्ती आहे, भविष्य शत्रूच्या हवाली न करण्याची ती जिद्द आहे, असे त्यांनी त्यात मांडले. जगाचा अंत उद्याही होईल, तो झाल्यावर हातातले काम खाली ठेवू, त्यापूर्वी नव्हे, असा त्यांचा रोख होता.

सण साजरा करण्याची इच्छा नसलेल्या मनाला या आयुष्याने एक मोकळीक दिली आहे. आनंद वाटलाच पाहिजे, अशी ईस्टरची अट नाही. टेगेलच्या कोठडीत आत्महत्येचा विचार टिपणारा माणूस आणि पुनरुत्थानावर लिहिणारा माणूस एकच होता. एकाने दुसऱ्याला खोटे ठरविले नाही. त्याने फक्त आपल्या वाट्याचे काम सोडले नाही. भयभीत कैद्याजवळ बसणे, मित्राला पत्र लिहिणे, भावासाठी सुटकेची संधी सोडणे आणि नास्तिक सहबंद्याचा मान राखणे, ही त्याची ईस्टरची उपासना होती. घंटा न वाजताही ती होऊ शकते, आणि ज्या घरात यंदा दिवा लावावासा वाटत नाही त्या घरातही.